मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

घाटकोपर,
१० नोव्हेंबर १९८५

मार्क्या,

'प्रिय' लिहावं की 'रा. रा.' लिहावं इथेच अडलो, म्हणून दोन्ही सोडून दिलं. तुझी एमिलिया परवा कुर्ल्याहून मुद्दाम ऑफिसात आली आणि तुझा बहारीनचा पत्ता टेबलावर ठेवून गेली. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही दोघं रेड्यांसारखे शिंगं लावून उभे आहात. कुणीतरी मान फिरवा ना." मी म्हटलं, मी कशाला फिरवू? भागीदारी सोडून समुद्रापलीकडे पळाला तो. तरी लिहायला बसलोय. माफी मागायला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आपलं ड्रायव्हिंग स्कूल जोरात आहे. मारुती आल्यापासून ज्याला त्याला स्टिअरिंग धरायचंय. पूर्वी आपल्याकडे टॅक्सीवाले आणि कंपन्यांचे ड्रायव्हर यायचे. आता डॉक्टर येतात, दुकानदार येतात, पदर खोचून शाळेतल्या बाई येतात. बोर्ड नवीन रंगवून घेतला. खाली लाल अक्षरांत 'एकही अपघात नाही' असं लिहिलंय. तुझं नाव पुसलं. म्हणजे पेंटरने पुसलं, मी फक्त नको म्हटलं नाही.

हे सगळं त्या डबल ब्रेकमुळे, हे तुला मानावंच लागेल. बसवलास तूच. शिकणाऱ्याच्या ब्रेकला सळईने जोडलेला मास्तरच्या पायाखाली दुसरा ब्रेक, मध्ये एक पिन, ती काढली की मास्तरचा ब्रेक सुटा. दिवसभर फियाटखाली पाठ टेकून खपलास, काळाठिक्कर होऊन बाहेर आलास आणि म्हणालास, "सहदेव, आता कुणी मरत नाही." आणि मग तूच त्याच्यावर उलटलास.

म्हणे शेवटचे क्लास पिन काढून घ्यायचे. शिकणाऱ्याला सांगायचं, आता मास्तरकडे ब्रेक नाही, तुझं तू बघ. त्या पोस्टातल्या कारकुनाला तसं सांगितलंस, आणि त्याने काय केलं? आग्रा रोडवर उभ्या ट्रकला मागून गाडी टेकवली आणि हेडलाइट फोडला. मी भर रस्त्यात ओरडलो, मान्य आहे. पण तू काय बोललास ते आठवतंय का? "तू शिकवत नाहीस सहदेव. तू गाडी चालवतोस आणि समोरच्याला वाटतं तो चालवतोय." एवढं बोलून किल्ली बॉनेटवर ठेवलीस आणि चालता झालास. मी बघत राहिलो. वाटलं, चहा पिऊन येईल परत.

अरे, माझी पद्धत तुला ठाऊक आहे. मी ब्रेक दाबतो ते शिकणाऱ्याला कळतसुद्धा नाही. गाडीने गचका खाल्ला की माणूस ओशाळतो, ओशाळला की घाबरतो, घाबरला की क्लास सोडतो. म्हणून मी बुटाच्या टोकाने हळूच दाबतो आणि तोंडाने म्हणतो, "शाबास, वेळेवर थांबवलीत." पहिल्या दिवशीच सांगून टाकतो की हा दुसरा ब्रेक नुसता नियमापुरता आहे, माझा पाय तिथे आराम करत असतो. माणसं खुलतात रे. दोन आठवड्यांत स्टेशनच्या गर्दीत गाडी घालतात. तुझे विद्यार्थी महिनाभर नाहूरच्या कंपन्यांमागच्या रिकाम्या रस्त्यावर घाम पुसत असायचे.

आता खरी बातमी. आपली सुली गाडी शिकतेय. जावईबापूंना बुकिंगच्या सोडतीत मारुती लागली. पण चंद्रप्रकाशांना डाव्या डोळ्याने दिसत नाही, लायसन्स मिळायचं नाही. ते म्हणाले, सुलक्षणा शिकेल. तू तिला लग्नानंतर फारसं पाहिलं नाहीस. मुलुंडच्या त्या घरात पोरगी कोपऱ्यातल्या खुर्चीसारखी झाली होती. विहीणबाई वाईट नाहीत, पण त्यांच्या आवाजापुढे सुलीचा आवाज निघायचा नाही. परवा तिने घाटकोपर स्टेशनच्या तोंडाशी हातगाड्यांमधून फियाट बाहेर काढली आणि मोठ्याने हसली. ते हसणं मी किती दिवसांनी ऐकलं. घरी येऊन जानकीला सांगितलं, तर तीही डोळे पुसायला लागली.

पटलं तर उत्तर लिही. नाही पटलं तर शिव्या लिही, पण लिही.

सहदेव


घाटकोपर,
२३ फेब्रुवारी १९८६

मार्क्या,

तुझं पत्र पोचलं. एवढा मोठा कागद आणि त्यावर एकच ओळ: "सुलीच्या शेवटच्या क्लासला पिन काढलीस का?" बहारीनमध्ये शाई महाग आहे का रे?

नाही काढली. गरज नव्हती. पोरगी पहिल्या फटक्यात टेस्ट पास झाली. टेस्ट आपल्याच फियाटमध्ये झाली, आरटीओचे साहेब मागे आणि मी नेहमीसारखा बाजूला बसलो होतो. लायसन्स हातात आलं तेव्हा तिने ते जानकीच्या पायांवर ठेवलं, मग माझ्या.

मारुती आली. पांढरी आहे. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, विहीणबाईंनी स्वतः बॉनेटवर स्वस्तिक काढलं. त्या आता शेजारणींना सांगतात, "आमची सून गाडी हाकते." घरात सुलीला विचारून बेत ठरतात. माझी नात मालन, चार वर्षांची चिमुरडी, सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरते की माझी आई ड्रायव्हर आहे.

पहिल्याच दिवशी सुलीने मला पुढे बसवलं. चेकनाक्याकडे निघालो. पुढे एक टेम्पो थांबला आणि माझा पाय खाली गेला. मारुतीत त्या जागी काही नाही, नुसतं रबरी मॅट. सुलीने ब्रेक मारला. जरा उशिरा मारला, पण मारला, आणि गाडी टेम्पोच्या मागे वीतभर अंतरावर थांबली. "घाबरलात बाबा?" म्हणून हसली. मी म्हटलं, छे. येताना मात्र मी मागे बसलो. गाडी लहान आहे, पुढे माझे गुडघे आखडतात.

बाकी किरकोळ. तो असल्फ्याचा किराणावाला, धोंडिरामशेठ, आपल्याकडून शिकून गेला आणि महिन्याभरात स्वतःच्याच दुकानाच्या ओट्यावर गाडी चढवून बसला. सगळी आळी हसली. मला म्हणाला, "मास्तर, तुमच्या गाडीत असं कधी झालं नाही हो." मी म्हटलं, तुमची गाडी सेकंडहँड आहे, शेठ. आणि शाळेतल्या त्या राधाबाई, त्यांनी एका हातगाडीवाल्याला धक्का दिला म्हणे. कानावर आलं, मी खोलात शिरलो नाही. एवढ्यांना शिकवलं, त्यातल्या कुणाचं तरी काहीतरी होणारच. डॉक्टरचे पेशंट मरत नाहीत का? बोर्डावरचं वाक्य खोटं नाही. स्कूलच्या गाडीत काही झालेलं नाही.

तू पत्रात हवापाण्याचं एक अक्षर लिहीत नाहीस. तिथे जेवायला काय मिळतं, झोप लागते का, हे तरी कळव. एमिलिया विचारते.

सहदेव


घाटकोपर,
३० मार्च १९८६

मार्कस,

आज टिंगल करत नाही. माझी वाट लागली आहे.

रविवारी सुली मालनला घेऊन आली होती. जानकी पोळ्या लाटत होती, मी पेपर वाचत होतो. सुली म्हणाली, "बाबा, एक विचारू? आपल्या फियाटचा ब्रेक किती हलका होता ना. मी पाय नुसता ठेवला की गाडी थांबायची. मारुतीचा वेळेवर लागतच नाही. गाडीत काही बिघाड आहे का?"

जानकीचं लाटणं थांबलं. ती माझ्याकडे बघायला लागली. तिला सगळं ठाऊक आहे, कारण झोपेतसुद्धा माझा उजवा पाय पलंगाच्या कठड्याला दाबतो आणि ती मला हलवून उठवते. मी पेपर खाली ठेवला. त्या क्षणी मला सांगता आलं असतं. मी म्हटलं, "नव्या गाडीचे ब्रेक कधीकधी ढिले असतात. मी करवून देतो."

सोमवारी गाडी गॅरेजला नेली. मिस्त्री म्हणाला, "मास्तर, ब्रेक टकाटक आहेत, कशाला खोलता?" मी म्हटलं, खोल. सगळं काढायला लावलं, नवीन घालायला लावलं, पेडलमध्ये टाचणीइतकाही ढिलेपणा राहणार नाही असं घट्ट करून घेतलं. स्वतः नेऊन दिली. सुली एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "बाबा, आता काय झकास लागतो!"

त्यानंतर जे झालं ते तुलाच सांगू शकतो, दुसऱ्या कुणाला कळणार नाही. ब्रेक चांगला झाला असं तिला कळल्यापासून ती आधीपेक्षा जोरात चालवते. आधी ती पुढच्या गाडीपासून लांब राहायची, कारण तिचा ब्रेकवर भरवसा नव्हता. आता तिला भरवसा आहे. परवा मी विक्रोळीला हायवेच्या कडेला एका विद्यार्थ्याला चाक बदलायला शिकवत होतो, तर आमच्या बाजूने पांढरी मारुती सुसाट गेली. नंबर बघितला. मालन मागच्या सीटवर उभी होती, काचेला नाक लावून.

घरी येऊन जानकीला सांगितलं. ती म्हणाली, "तुमी चेडवाक सांगा, सुलीक सांगा. आजच सांगा." मी म्हटलं, "तुका काय कळता त्यातला?" मग दोघंही जेवलो नाही.

मे महिन्यात ते सगळे गावी जाणार आहेत, कणकवलीला, विहीणबाईंना देवीची ओटी भरायची आहे. एस्टीची तिकिटं काढायची नाहीत असं ठरलंय. सुली चालवणार. चंद्रप्रकाश पुढे, विहीणबाई आणि मालन मागे. कशेडीचा घाट तुला माहीत आहे. समोरून ट्रक येतात, खाली बघवत नाही. तिथे ती पाय नुसता ठेवील आणि गाडी थांबायची वाट बघेल.

सांगितलं तर काय होईल, तेही सांगतो. आख्ख्या घरात तिची एवढी एकच गोष्ट आहे जी तिने स्वतः मिळवली. तिला सांगू की तीही तुझी नव्हती? की स्टेशनच्या हातगाड्यांमधून तू गाडी काढली नाहीस, मी काढली?

लवकर लिही. यावेळी एका ओळीत लिहू नकोस.

सहदेव


घाटकोपर,
४ मे १९८६

मार्कस,

तुझं पत्र मिळालं होतं. चार पानं. तू लिहिलंस, "तिला आधी सांग, मग पिन काढ, मग नाहूरच्या रिकाम्या रस्त्यावर पहिल्या दिवसापासून शिकव. सांगणं आधी." सांगणं आधी, या शब्दांखाली तू रेघ मारली होतीस. मी ती बघितली होती. आता मी काय केलं ते ऐक, आणि मध्ये शिव्या देऊ नकोस, शेवटी दे.

सांगायचं धैर्य झालं नाही. मी आधी आडून प्रयत्न केले. ऊन फार आहे, नव्या गाडीला घाट सोसत नाही, एस्टीने जा. सुली हसली, मग तिचं हसू गेलं. म्हणाली, "बाबा, सगळे म्हणतात मला जमतं. तुम्हीच एक म्हणत नाही."

मग मला वाटलं, आपण सांगण्यापेक्षा तिलाच कळू दे. गाडीच सांगेल तिला. तिला म्हटलं, घाटाआधी एकदा फियाटवर उताराची प्रॅक्टिस करू. ती आनंदाने आली. येण्याआधी मी फियाटखाली शिरलो आणि पिन काढून खिशात टाकली. तिला सांगितलं नाही. मी धरून चाललो होतो की पवईच्या रस्त्याला एखाद्या ठिकाणी ती जरा उशिरा थांबवेल, गाडी एखाद्या दगडाला लागेल, ती दचकेल, आणि मग मी हळूच समजावीन. हेडलाइट फुटेल, फार तर.

सुली मजेत होती. मी बाजूला होतो ना. मारुतीत मागे सासू आणि पोर असताना जितकी चालवते त्याहून जोरात चालवत होती, एका हाताने केस मागे घेत होती, मला विचारत होती की आईने कैऱ्या घातल्या का लोणच्याच्या. उतार लागला. डाव्या बाजूच्या गल्लीतून एक सायकलवाला बाहेर आला.

मी तिच्या पायाकडे बघत होतो, मार्कस. रस्त्याकडे नाही, पायाकडे. पाय ॲक्सिलरेटरवरून उठला, ब्रेकवर आला आणि तिथेच थांबला. नुसता ठेवला होता. ती वाट बघत होती. आणि त्याच वेळी माझा पाय सवयीने माझ्या ब्रेकवर गेला, आणि मीही दाबून वाट बघत राहिलो. पिन माझ्याच खिशात आहे हे माझ्या पायाला माहीत नव्हतं. आम्ही दोघं बापलेक एकमेकांच्या भरवशावर बसलो आणि गाडी उतरत राहिली. मी ओरडलो, तेव्हा तिने खरा ब्रेक मारला. तोवर उशीर झाला होता.

माणूस जिवंत आहे. नाव भाऊराव. विक्रोळीच्या एका कंपनीत फिटर आहे, पाळी संपवून घरी चालला होता. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. त्याचा डबा उघडून रस्त्यावर पडला होता, धुतलेला, रिकामा. सुली त्याचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसली.

पोलीस आला. मी पुढे होऊन म्हटलं, "साहेब, स्कूलची गाडी आहे, ती शिकाऊ आहे, जबाबदारी माझी." सुली मागून म्हणाली, "मी शिकाऊ नाही. मला लायसन्स आहे. गाडी मी चालवत होते." तिचा आवाज जराही कापला नाही. मी तिला असं बोलताना आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

पोलिसाने गाडीत वाकून माझ्या बाजूचा ब्रेक हाताने दाबला. तो खुळखुळला. म्हणाला, "मास्तर, हा तर सुटा आहे." मी म्हटलं, "आजच सोडवला." सुलीने माझ्याकडे बघितलं.

हॉस्पिटलात, भाऊरावला आत नेल्यावर, बाकावर बसल्या बसल्या तिने विचारलं, "आजच सोडवला म्हणजे काय? तो नुसता नियमापुरता होता ना?" मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. स्टेशनच्या हातगाड्या, आग्रा रोडचा सिग्नल, 'शाबास, वेळेवर थांबवलीस' हे मी कधी म्हणायचो ते. मारुतीच्या ब्रेकला काही झालं नव्हतं, हेही सांगितलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत होती.

मग म्हणाली, "टेस्टच्या दिवशी?"

मी म्हटलं, "तेव्हाही."

ती उठली, पर्समधून लायसन्स काढलं आणि माझ्या शेजारी बाकावर ठेवलं. मग आत भाऊरावच्या बायकोजवळ जाऊन बसली. मी हाक मारली, ती आली नाही.

आता दे शिव्या.

सहदेव


घाटकोपर,
८ जून १९८६

मार्कस,

तुझ्या शिव्या मिळाल्या. सगळ्या बरोबर जागी लागल्या. "काढलीस तर सांगून काढायची होतीस" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझ्या त्या पोस्टातल्या कारकुनाची मला आता आठवण येते. त्याला तू सांगितलं होतंस की ब्रेक फक्त त्याच्याकडे आहे, म्हणून तो जीव मुठीत धरून चालवत होता. ट्रकला टेकला तेव्हा गाडी माणसाच्या चालीने चालली होती, म्हणून नुसता हेडलाइट गेला. माझी पोरगी बाप बाजूला आहे म्हणून सुटली होती. हा फरक मला तेव्हा दिसायला हवा होता. मी हेडलाइटकडे बघून ओरडत बसलो.

बातम्या सांगतो. केस उभी राहील तेव्हा राहील, मी माझा जबाब खरा दिला आहे. भाऊराव घरी आला. पाय जरा आखूड राहणार असं डॉक्टर म्हणतात. दिवसपाळीतलं बसून करायचं काम कंपनी देईल, असं त्याचा युनियनवाला म्हणतो. सुली रोज त्याच्याकडे डबा नेते. त्याची बायको आधी दार उघडत नव्हती, आता उघडते. भाऊराव मला शिव्या देत नाही, त्याचंच जास्त लागतं. परवा म्हणाला, "मास्तर, मी घंटी वाजवली होती. तुमच्या पोरीने माझ्याकडे बघितलंसुद्धा. मला वाटलं, बघितलं म्हणजे थांबणार." मी त्याच्या पायाखालची उशी सारखी केली आणि निघालो.

स्कूलमध्ये मी तू म्हणतोस तसं सुरू केलं. पहिल्या दिवशी सांगतो, मी ब्रेक दाबला तर मोठ्याने सांगीन, लाज वाटली तर वाटू दे. शेवटचे क्लास पिन काढून, सांगून. परिणाम असा की निम्मे लोक गेले. पुढच्या नाक्यावर एक नवीन स्कूल निघालंय, त्यांच्या बोर्डावर 'डबल ब्रेकची पूर्ण सुरक्षा' असं लिहिलंय. आईबाप आपल्या मुलींना तिथे घालतात. मी त्यांना काय सांगू? माझ्या बोर्डावरचं लाल वाक्य मी स्वतः शिडीवर चढून खरवडलं. पेंटरला बोलावलं नाही.

खरं सांगू का, पिन काढून बाजूला बसणं मला जमत नाही. पाय पुन्हा पुन्हा सुट्या ब्रेकवर जातो, मी विनाकारण ओरडतो, परवा एका बिचाऱ्याचं स्टिअरिंगच ओढलं. तू कसं बसायचास रे? पाय मांडीखाली घेऊन? मलाही शिकवायला हवं होतंस.

सुली कणकवलीला गेली नाही. कुणीच गेलं नाही. चंद्रप्रकाशांनी एस्टीची तिकिटं काढतो म्हटलं, विहीणबाई म्हणाल्या, "राहू दे, देवीलाच मान्य नाही." त्या तिला टोचून बोलत नाहीत. शेजारणींना मात्र आता सांगतात की गाडी विकायची आहे, पार्किंगचा त्रास आहे. मालन विचारत होती, आई ड्रायव्हर का नाही?

मी मुलुंडला गेलो, तिला म्हटलं, "सुले, नाहूरच्या रस्त्यावर पहिल्यापासून शिकवतो. खरं शिकवतो. तुला येईल. तुझे हात चांगले आहेत, नजर चांगली आहे, एवढं मी खोटं बोलत नव्हतो." ती म्हणाली, "बाबा, तुम्ही चांगलं म्हणालात की मला आता काही कळत नाही, ते खरं आहे की तुमचा पाय आहे." रागाने नाही म्हणाली. राग असता तर मी पाया पडलो असतो तिच्या.

माझ्याशी बोलते. तुला वाटलं असेल बोलत नसेल. चहा करते, जानकीची चौकशी करते, मला वाकून नमस्कार करते. हसत मात्र नाही. मी म्हटलं होतं ना तुला, घाटात जीव जाईल. तो गेला नाही. पोरगी धडधाकट आहे, नात धडधाकट आहे, आणि मी रोज देवाला हात जोडतो. पण जोडताना माझ्याच्याने वर बघवत नाही.

आता काल झालेलं लिहितो आणि थांबतो. भाऊरावकडे ती आणि मी बरोबरच गेलो होतो. परतताना आग्रा रोड ओलांडायचा होता, बसस्टॉप पलीकडे. संध्याकाळची वेळ, गाड्यांची रांग. जरा जागा झाली, मी पुढे झालो, ती आली नाही. पुन्हा जागा झाली, पुन्हा नाही. एक म्हातारी भाजीवाली डोक्यावर पाटी घेऊन आमच्या बाजूने निघाली आणि पलीकडे पोचलीसुद्धा. मी मागे फिरलो. सुलीने माझा दंड धरला. ती रस्त्याकडे बघतच नव्हती, मार्कस, माझ्या तोंडाकडे बघत होती.

"बाबा, तुम्ही सांगा कधी," म्हणाली.

मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे बघितलं. मग म्हटलं, "चल." आणि माझी पोरगी, एकदाही मान न वळवता, रस्त्यात उतरली.

सहदेव